नीतिमान ठरणं आणि पवित्र होत जाणं

दृढीकरणाच्या, म्हणजे मंडळीत विश्वास जाहीरपणे कबूल करण्याआधीच्या तयारीच्या वर्गात एखादं तरी पोर विचारतंच, "देवानं सगळं माफ केलंय ना, मग आज्ञा पाळायच्या कशाला?" प्रश्न आगाऊ वाटतो, पण आहे जुनाच, नव्या करारातल्या रोमकरांस पत्राच्या 6व्या अध्यायाची सुरुवात प्रेषित पौलानं त्यानंच केली आहे. दुसऱ्या टोकाला मंडळीत अशीही माणसं असतात, की एक उपासना चुकली, भावजयीशी भांडण झालं, की यांचं तारण, म्हणजे पापातून झालेली सुटका, धोक्यात. दोघांचा घोळ एकच आहे. नीतिमान ठरणं आणि पवित्रीकरण यांचा त्यांनी काला करून ठेवलाय.

मराठी बायबलात माणूस विश्वासानं नीतिमान 'ठरतो'. ठरणं हा निकालाचा शब्द. प्रोटेस्टंट शिकवणीप्रमाणे हा निकाल ख्रिस्ताच्या वधस्तंभामुळे लागतो, आपल्या वागणुकीमुळे नाही. निकाल लागला त्या दिवशी माणसाचा तापट स्वभाव तसाच असतो. देवापुढची त्याची जागा तेवढी बदललेली असते. पवित्रीकरण मात्र ठरत नाही, ते होत जातं, मरेपर्यंत. अक्षता पडल्या की लग्न लागलं. संसार जमायला वीस वर्षं जातात. भाजी खारट झाली म्हणून कुणी पुन्हा लग्न लावत नाही. आणि 'लग्न लागलंय की' म्हणत घरी न फिरकणाऱ्याला संसारी तरी कोण म्हणेल?

मग आज्ञापालन येतं कुठून? दात-ओठ खाऊन पाळलेले नियम फार दिवस टिकत नाहीत, हा सगळ्यांचाच अनुभव. जुन्या करारातल्या यहेज्केल संदेष्ट्याच्या पुस्तकात, 36व्या अध्यायात, देव दगडाचं हृदय काढून मांसाचं देण्याचं, आपला आत्मा आत घालण्याचं वचन देतो आणि त्यामुळे लोक त्याच्या विधींप्रमाणे चालतील असं म्हणतो. क्रम बघा : आधी हृदय, मग चालणं. योहानाच्या शुभवर्तमानाच्या 15व्या अध्यायात येशू द्राक्षवेलाचा दाखला देतो. नाशिककडे एप्रिलची खरड छाटणी झालेली बाग ज्यानं पाहिली आहे, त्याला त्यातली मेख लगेच कळेल. बाग अगदी बोडकी दिसते, पण कात्री चालते ती वेलाला आधीच लागलेल्या काडीवर. वेलाशी जोडलं जावं म्हणून कुणी छाटणी करत नाही. विश्वासणाऱ्याच्या आयुष्यातली शिस्त, पश्चात्ताप, सोडाव्या लागणाऱ्या सवयी, सगळं या छाटणीत येतं.

'पण माणूस कृतींनी नीतिमान ठरतो असं नव्या करारातल्या पत्रात याकोबच म्हणतो,' हा आक्षेप येतोच. पौल आणि याकोब दोघंही अब्राहामाचंच उदाहरण देतात. पौलाचा भर उत्पत्ती 15 वर आहे. तिथं अब्राहामाच्या मुलाचा, इसहाकाचा जन्मही झालेला नाही आणि अब्राहामाचा नुसता विश्वास नीतिमत्त्व म्हणून गणला जातो. याकोब तेच वचन घेतो, पण उत्पत्ती 22 पर्यंत जातो, जिथं देवाच्या सांगण्यावरून अब्राहाम इसहाकाचाच होम करायला निघतो आणि इसहाक होमाची लाकडं वाहून नेण्याइतका मोठा झालाय. मधे कितीतरी वर्षं गेली. पहिल्या प्रसंगातला विश्वास जिवंत होता, हे दुसऱ्यात दिसलं. मला तरी दोघांचं भांडण दिसत नाही.

वसईचे कॅथॉलिक वाचक इथं थांबवतील, आणि ते रास्तच आहे. कॅथॉलिक चर्चच्या ट्रेंट इथल्या परिषदेनं 1547 मध्ये मांडलेल्या शिकवणीत नीतिमान ठरण्यातच अंतःकरणाचं नूतनीकरण येतं. तिथं या दोन गोष्टी इतक्या वेगळ्या काढत नाहीत. 31 ऑक्टोबर 1999 रोजी ऑग्सबर्गमध्ये कॅथॉलिक आणि लुथरन (मार्टिन लुथरची शिकवण मानणाऱ्या प्रोटेस्टंट) मंडळ्यांनी नीतिमान ठरण्याविषयीच्या संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या. तारण कृपेनंच, यावर एकमत झालं. बाकीची चर्चा चालूच आहे.

पंडिता रमाबाईंची साक्ष या संदर्भात वाचण्यासारखी आहे. बाप्तिस्मा 1883 मध्ये, इंग्लंडात वाँटेजला. 1889 मध्ये मुंबईत शारदा सदन सुरू केलं. म्हणजे कष्ट, सेवा, त्याग, सगळं चालू होतं. तरीही बाप्तिस्म्यानंतर आठेक वर्षांनी त्यांना उमगलं, की आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता. पुढे मध्य प्रांतात दुष्काळ पडला, तेव्हा त्या स्वतः तिकडे गेल्या आणि उपाशी मुलींना केडगावला घेऊन आल्या. काम तसं जुन्याच जातीचं होतं. फक्त आता त्यातून देवापुढे काही कमवायचं उरलं नव्हतं.