लहान लेथवर मोठं मशीन: रीत आली कुठून

सोलापुरात 1877 मध्ये जुनी मिल उभी राहिली. आधी गिरण्यांच्या आणि पुढे यंत्रमागांच्या दुरुस्तीवर इथली लेथची (जॉब फिरवून कापणाऱ्या यंत्राची) कामं पोसली गेली. मोठ्या मशीनचा, लहान लेथच्या चकात (फिरत्या पकडीत) न मावणारा जॉब (घडवायचा भाग) आला की नवखा तो परत पाठवतो. जाणता टर्नर (लेथ चालवणारा) जॉब स्थिर ठेवून हत्यार फिरवतो.

या रीतीचं मूळ वाफेच्या इंजिनात आहे. एका टोकाला धरलेला बोअरिंग बार (भोक मोठं करणारं हत्यार बसवलेला दांडा) ओतीव भोकाच्या वाकडेपणामागे भरकटायचा. 1775 च्या सुमारास जॉन विल्किन्सनने जेम्स वॉटच्या इंजिनाच्या सिलिंडरसाठी बारला दोन्ही टोकांना आधार दिला आणि भोक सरळ निघू लागलं.

लेथवर तेच करायचं. बार दोन सेंटरमध्ये (लेथच्या दोन टोकांच्या अणकुच्यांमध्ये) धरून कॅरियरने (बारला आवळलेल्या पकडीने) फिरवायचा. क्रॉस स्लाइड (हत्यार आडवं सरकवणारा भाग) उतरवून जॉब सॅडलवर (लेथच्या बेडवर, म्हणजे लांब चौकटीवर, सरकणाऱ्या भागावर) पॅकिंग देऊन बांधायचा आणि फीड (पुढे सरकण्याची चाल) सॅडलला द्यायचा. 100 मिमी भोकाला 50-60 मिमीचा बार हवा. बारीक बार थरथरतो आणि भोकात लाटा उठतात. टूल बारच्या मध्यावर असतं, म्हणून बारची लांबी भोकाच्या दुपटीहून जास्त लागते. टेलस्टॉक (दुसऱ्या टोकाचं सेंटर धरणारा भाग) बाजूला सरकलेला असेल तर भोक निमुळतं होत नाही, किंचित लंबगोल होतं. बरेच जण इथेच फसतात, कारण एकाच दिशेने माप घेतलं तर दोष दिसतच नाही. मोठ्या हेडस्टॉकची (लेथच्या फिरवणाऱ्या टोकाची) दोन्ही बेअरिंगघरं मात्र एकाच बांधणीत बोअर करावीत, नाहीतर ती एका रेषेत येणार नाहीत.

मोठ्या मशीनचा बेड शेपरच्या (पुढे-मागे रंधणाऱ्या यंत्राच्या) स्ट्रोकपेक्षा लांब असेल तर तो हाताने स्क्रेप करावा लागतो, म्हणजे उंचवटे खरवडून सपाट करावा लागतो. त्यासाठी आधी खात्रीची सपाट प्लेट हवी. इंग्रज अभियंता जोसेफ व्हिटवर्थने 1840 मध्ये तीन प्लेटची रीत जाहीरपणे मांडली. दोनच प्लेट एकमेकींवर घासून जुळवल्या तर एक फुगीर आणि दुसरी खोलगट असूनही जुळतात. तीन प्लेट आळीपाळीने जुळवल्या तर तिन्ही सपाटच व्हाव्या लागतात.

सोलापूरच्या उन्हाळ्यात हे काम पहाटे करावं. बिडाचा मीटरभर तुकडा दर अंशाला सुमारे 11 मायक्रॉन वाढतो. बेडचा माथा पायापेक्षा तापला की बेड मध्ये फुगतो. तशात स्क्रेप केला तर निवल्यावर तिथेच खोलगट निघतो.