कमाल आकडा कोणाचा? रिअल-टाइम लिनक्सच्या मोजमापाची पार्श्वभूमी

रिअल-टाइम लिनक्स म्हणजे ठरल्या वेळेत काम होईलच, यावर भर देणारी लिनक्स ऑपरेटिंग सिस्टिम. तिचा उशीर मोजणारा सायक्लिकटेस्ट हा प्रोग्रॅम चालवला की पडद्यावर प्रोसेसरच्या प्रत्येक कोअरसाठी एक ओळ हलत राहते: किमान, आत्ताचा, सरासरी, कमाल, सगळे मायक्रोसेकंदांत. नवखा माणूस सरासरी वाचतो, मुरलेला थेट शेवटच्या आकड्याकडे बघतो. थ्रेडने, म्हणजे प्रोग्रॅममधल्या कामाच्या एका धाग्याने, 'मला अमुक क्षणी उठव' असं सांगून ठेवलेलं असतं; त्याला उठायला किती उशीर झाला, एवढंच हा प्रोग्रॅम मोजतो. दहा लाख वेळा ५ मायक्रोसेकंद आणि एकदाच ३०० असा उशीर झाला, तर यंत्राचा हात चुकतो तो त्या एकदाच्या ३०० मुळे.

हे शहाणपण पहिल्यापासून नव्हतं. १९८९ मध्ये 'डॉ. डॉब्ज जर्नल'ने ऱ्हीलस्टोन नावाचा मापदंड मांडला. टास्क बदलायला, इंटरप्टला (हार्डवेअरने मध्येच मारलेल्या हाकेला) प्रतिसाद द्यायला लागणारा वेळ अशा सहा गोष्टी मोजायच्या आणि त्यांचा मिळून एकच आकडा काढायचा. जाहिरातीला सोयीचा, पण आधार सरासरीचा. डेडलाइनबद्दल, म्हणजे काम कधीपर्यंत व्हायलाच हवं याबद्दल, तो फारसं काही सांगत नाही.

लिनक्समध्ये डेडलाइन पाळण्याचा हा प्रश्न नव्वदच्या दशकात आला. न्यू मेक्सिकोत व्हिक्टर योडायकेन आणि मायकेल बाराबानोव यांनी आरटीलिनक्समध्ये एक छोटा रिअल-टाइम कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) खाली ठेवला आणि सगळं लिनक्स त्याचं सर्वांत कमी प्रायॉरिटीचं टास्क करून टाकलं. मिलानमधला आरटीएआय आणि पुढे झेनोमाय हेही दोन कर्नलांच्याच वाटेने गेले. खालचा कर्नल आटोपशीर, त्यामुळे त्याच्या उशिराचा हिशोब तुलनेने सोपा.

२००४ च्या सुमारास इंगो मोलनार, थॉमस ग्लाइक्सनर, स्टीव्हन रोस्टेड आदींनी प्रीएम्प्ट-आरटी हा पॅच (मूळ कर्नलवर चढवायचे बदल) हाती घेतला आणि गणित बदललं. आता लिनक्सच रिअल-टाइम करायचं होतं: बहुतेक स्पिनलॉकच्या (वाट बघताना सीपीयू अडवून ठेवणाऱ्या लॉकच्या) जागी झोपू शकणारे लॉक, इंटरप्टचं काम थ्रेडमध्ये. पण लाखो ओळींचा कर्नल कधीच अमुकपेक्षा जास्त उशीर करणार नाही, हे कागदावर सिद्ध कोण करणार? मोजण्यावाचून गत्यंतर उरलं नाही. ग्लाइक्सनर यांचा सायक्लिकटेस्ट याच गरजेतून रुळला.

मोजायला लागल्यावर कळलं, की दोषी नेहमी कर्नलच असतो असं नाही. तोच कर्नल दोन बोर्डांवर अगदी वेगळा वागतो. एक्स८६ (इंटेल-एएमडी घराण्याच्या) प्रोसेसरवर फर्मवेअर, म्हणजे बोर्डातच बसवलेलं सॉफ्टवेअर, एसएमआय नावाच्या इंटरप्टने सीपीयू परस्पर उचलून नेतं आणि कर्नलला त्याचा पत्ताही लागत नाही. म्हणून एचडब्ल्यूलॅटडिटेक्ट हे साधन आलं: इंटरप्ट बंद ठेवून घड्याळ सारखं वाचत राहायचं आणि मध्येच वेळ गायब झाला का ते बघायचं. दुसरी गंमत वीजबचतीची. गाढ झोपेतून उठायला सीपीयूला वेळ लागतो, म्हणून सायक्लिकटेस्ट चालू असेपर्यंत 'सीपीयू-डीएमए-लेटन्सी' ही कर्नलमधली उशिराची मर्यादा शून्यावर धरून ती झोपच रोखतो. म्हणजे मोजणाराच यंत्राला जागं ठेवतो! आपल्या प्रोग्रॅमने तीच खबरदारी घेतली नाही, तर चाचणीतला आकडा प्रत्यक्षात मिळत नाही.

जर्मनीतल्या ओएसएडीएल या संस्थेने, स्थापना २००५, कुठल्या बोर्डावर किती उशीर होतो, हा प्रश्न चिकाटीने सोडवायला घेतला. रॅकमध्ये तऱ्हेतऱ्हेचे प्रोसेसर आणि बोर्ड मांडायचे आणि त्यांच्यावर नेमाने तीच चाचणी चालवायची. २०० मायक्रोसेकंदांच्या अंतराने १० कोटी फेऱ्या, म्हणजे एका चाचणीला साधारण साडेपाच तास. आलेखाचा उभा अक्ष लॉगॅरिदमिक ठेवतात, कारण १० कोटींतला एकटा पडलेला नमुना साध्या अक्षावर दिसणारच नाही. मला तरी हा आलेख एकाच आकड्यात मांडलेल्या कुठल्याही गुणांकनापेक्षा प्रामाणिक वाटतो. तरी तो पुरावाच आहे, हमी नव्हे.

'किती' कळलं तरी 'का' उरतंच. २०२१ मध्ये ५.१४ कर्नलमध्ये आलेले डॅनियल ब्रिस्टो दि ऑलिव्हेरा यांचे ऑसनॉइझ आणि टायमरलॅट हे कर्नलचे दोन भाग उशीर कुठे झाला याचा माग काढतात: इंटरप्टमध्ये, दुसऱ्या थ्रेडमुळे, की हार्डवेअरमध्ये.

प्रीएम्प्ट-आरटी पॅच मुख्य लिनक्समध्ये पूर्ण यायला वीस वर्षं लागली. शेवटचा मोठा अडसर होता प्रिंटके, म्हणजे कर्नलचे संदेश कन्सोलवर छापणारा भाग. सप्टेंबर २०२४ मध्ये व्हिएन्नात ग्लाइक्सनर यांनी लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांना पॅच सामील करून घेण्याची अखेरची विनंती कागदावर छापून, सोनेरी फीत बांधून दिली. ६.१२ कर्नलमध्ये एक्स८६, आर्म६४ आणि रिस्क-फाइव्ह या प्रोसेसर-घराण्यांना हा पर्याय मिळाला. ३२-बिट आर्मवाल्यांना मात्र तेव्हाही वेगळा पॅच लावूनच बोर्ड मोजावा लागत होता.