प्रयोग की आव : रॅप अल्बमवरील एका जुन्या आरोपाची पार्श्वभूमी

एखाद्या नावाजलेल्या रॅपरने ठेका मोडून, गाण्याची परिचित बांधणी बाजूला ठेवून किंवा रॅपच टाळून अल्बम केला, की श्रोत्यांमधील वादात ‘प्रिटेन्शस’ हा शब्द पहिल्या दिवसापासून हजर असतो. एका बाजूचे म्हणणे असे, की कलावंताने न पेलणारा मोठेपणा अंगावर घेतला आहे. दुसरी बाजू म्हणते, की ऐकणाऱ्यांना सवयीबाहेरचे काही नकोच आहे. प्रत्येक नव्या अल्बमच्या वेळी हा वाद प्रथमच होत असल्यासारखा रंगतो. मात्र त्यातील आरोप मुळात रॅपच्या घरचा नाही. तो रॉकच्या समीक्षेतून आला, बऱ्याच उशिरा आला, आणि येताना त्याचा अर्थ पालटला.

शब्दाचा घोळ आधी पाहायला हवा, कारण निम्मा वाद त्यातूनच उद्भवतो. इंग्रजीतील हा शब्द लॅटिनमधल्या ‘पुढे ताणून धरणे’ अशा अर्थाच्या क्रियापदावरून फ्रेंचमार्गे आला असून त्याच्या मुळाशी ‘दावा’ ही कल्पना आहे. अठराव्या शतकात ब्रिटनच्या गादीवर हक्क सांगणाऱ्या, पदच्युत घराण्यातील राजपुत्रांना याच धातूपासून झालेला शब्द लावला जात असे. पुढे दाव्यातील पोकळपणा तेवढा शब्दाला चिकटून राहिला. मराठीत हा आरोप नेमका करायचा झाल्यास एका शब्दावर भागत नाही. ‘दांभिक’ म्हटले तर कलावंताच्या मनात एक आणि बाहेर दुसरे आहे, असा अर्थ होतो. तो सिद्ध करायचा तर त्याच्या मनात शिरावे लागेल, आणि ते कोणालाच शक्य नाही. ‘आव आणला आहे’ म्हटले तर आरोप कुवतीविषयीचा होतो : जॅझ वापरला आहे, पण त्यातील स्वरसंवादाची जाण नाही, गोंगाट वापरला आहे, पण तो काढून टाकला तरी गाण्याचे काही बिघडत नाही. हे मात्र ऐकून ठरवता येते. तिसरा शब्द ‘आविर्भाव’. त्याचा रोख संगीतापेक्षा भोवतालच्या गोष्टींवर असतो : मुखपृष्ठ, लांबलचक शीर्षके, मुलाखतींतील मौन, अल्बमची लांबी. श्रोते हे तिन्ही आरोप एकाच इंग्रजी शब्दात करतात, त्यामुळे एकाने कुवतीविषयी विचारावे आणि दुसऱ्याने प्रामाणिकपणाची ग्वाही द्यावी, असे वारंवार घडते. प्रस्तुत लेखकाच्या मते वाद घालण्यासारखा आरोप फक्त दुसरा आहे.

रॉकमध्ये हा आरोप १९७०च्या दशकात स्थिरावला. १९७३च्या अखेरीस एका ब्रिटिश बँडचा दुहेरी अल्बम आला; त्याच्या चार बाजूंवर मिळून केवळ चार रचना होत्या, आणि प्रत्येक रचना वीस मिनिटांच्या आसपास होती. अशा संगीताविरुद्धची चीड १९७६-७७च्या पंक, म्हणजे साध्या, छोट्या, आक्रमक रॉक गाण्यांच्या, लाटेत उघडपणे व्यक्त झाली. त्या भांडणात लांबी, वाद्यकौशल्य आणि अभिजात संगीताची ओढ ही आरोपाची लक्षणे ठरली. रॅपचा उगम त्याच दशकातला असला, तरी त्याच्या श्रोत्यांना या लक्षणांशी काही देणेघेणे नव्हते. न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीत १९६८ साली एकत्र आलेला कवींचा गट हातढोलाच्या साथीने दीर्घ राजकीय कविता म्हणत असे, आणि तो गट रॅपच्या पूर्वसुरींमध्ये मानाने गणला जातो.

रॅपची स्वतःची दूषणे वेगळी होती : नरम, विकला गेलेला, खोटा. त्यांचा रोख साक्षीवर असे. गाण्यातला ‘मी’ जे सांगतो ते त्याने जगलेले आहे का, हा प्रश्न आधी येई. १९८९ साली न्यूयॉर्कलगतच्या लाँग आयलंडवरील तिघा तरुणांचा पहिला अल्बम आला. त्यात काल्पनिक प्रश्नमंजूषेचे प्रवेश होते, फ्रेंच शिकवणाऱ्या जुन्या तबकडीतील आवाज होते, आणि वेष्टनावर फुलांची चित्रे होती. तो नावाजला गेला, पण त्यांना लगेच ‘हिप्पी’ ठरवण्यात आले. हा शिक्का त्यांना इतका जाचला, की १९९१मधील दुसऱ्या अल्बमच्या मुखपृष्ठावर डेझीच्या फुलांची कुंडी फुटून पडलेली होती आणि शीर्षकात आपण मेलो आहोत, अशी घोषणा होती. आजच्या भाषेत त्या टीकेला ‘प्रिटेन्शस’ म्हटले गेले असते. तेव्हा प्रश्न मर्दानगीचा आणि रस्त्यावरच्या प्रतिष्ठेचा होता.

त्याच वर्षी, डिसेंबर १९९१मध्ये, न्यूयॉर्कमधील एका फेडरल न्यायालयाने परवानगीशिवाय घेतलेल्या नमुन्याबद्दल, म्हणजे दुसऱ्याच्या ध्वनिमुद्रणातून उचललेल्या तुकड्याबद्दल, एका रॅपरविरुद्ध निकाल दिला. निकालपत्राची सुरुवात बायबलमधील ‘चोरी करू नकोस’ या आज्ञेने होती. त्यानंतर प्रत्येक तुकड्याची परवानगी आधी मिळवणे भाग पडले, आणि एका गाण्यात अनेक तबकड्यांचे तुकडे विणण्याची पद्धत खर्चाच्या दृष्टीने परवडेनाशी झाली. प्रयोगाचा इतिहास सांगताना या निकालाला सहसा एखाद्या ओळीची जागा मिळते, आणि ते चुकीचे आहे, कारण प्रयोगाकडे पाहण्याची नजर त्याच्या खर्चाबरोबर बदलली. नमुने साठवणाऱ्या १९८७च्या एसपी-१२०० यंत्रात अवघी दहा सेकंदे मावत, म्हणून निर्माते तबकडी जास्त वेगाने फिरवून आवाज साठवत आणि मग खाली उतरवत. त्यातून आलेल्या खरखरीत पोतावर एक सबंध शैली उभी राहिली. तिला कोणी आव म्हटले नाही. प्रयोग जोवर स्वस्त यंत्राच्या मर्यादेतून येत होता, तोवर तो कसब मानला गेला. जिवंत वादक, नामांकित स्टुडिओ आणि मोठे अंदाजपत्रक आल्यावर त्याच वृत्तीकडे संशयाने पाहिले जाऊ लागले.

या बदलाचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे डिसेंबर २००२मधील ‘इलेक्ट्रिक सर्कस’. तो करणाऱ्या कॉमन या शिकागोच्या रॅपरचा आधीचा, २०००चा अल्बम समीक्षकांना आवडला होता आणि विक्रीतही यशस्वी ठरला होता. नवा अल्बम न्यूयॉर्कमधील ज्या स्टुडिओत झाला, तो १९७०च्या सुमारास एका विख्यात रॉक गिटारवादकासाठी बांधलेला होता. रॉक, इलेक्ट्रॉनिक ध्वनी, सायकेडेलिया (१९६०च्या दशकातील भ्रमवत, स्वप्नवत संगीतशैली) असे सगळे त्यात होते. विक्री आधीच्या तुलनेत फारच खाली गेली, आणि २००३मध्ये रेकॉर्ड कंपनीही दुसऱ्या कंपनीत विलीन झाली. चाहत्यांनी त्याला भरकटलेला म्हटले, त्याच्या पेहरावाची आणि प्रेमसंबंधांचीही टवाळी केली, आणि २००५मध्ये तो सोल नमुन्यांच्या उबदार, आटोपशीर अल्बमसह परतला तेव्हा ‘शुद्धीवर आला’ असा सूर लागला. येथे दोन्ही बाजूंना समान माप लावणे कठीण आहे. ‘इलेक्ट्रिक सर्कस’मध्ये लांबलेल्या आणि फसलेल्या जागा निश्चितच आहेत. परंतु त्यावरील टीकेचा मोठा भाग आविर्भावाविषयी होता, संगीताविषयी फारच थोडा. आणि त्या टीकेचा परिणाम असा झाला, की यशस्वी रॅपरने दिशा बदलणे धोक्याचे आहे, असा धडा पुढची काही वर्षे गिरवला गेला.

याच्या उलट निर्णय सप्टेंबर २००३मध्ये अटलांटाच्या जोडीने घेतला. त्यांनी दुहेरी अल्बम काढला : एका डिस्कवर मुख्यतः रॅप, दुसरीवर मुख्यतः गायन, फंक आणि जॅझ. ज्याला जे हवे ते त्याने ऐकावे, अशी सोय झाली, आणि फेब्रुवारी २००४मध्ये त्याला वर्षातील सर्वोत्तम अल्बमचा ग्रॅमी पुरस्कार मिळाला. मात्र ही सोयच प्रश्न टाळणारी होती. प्रयोग वेगळ्या डिस्कवर ठेवल्याने तो रॅपमधला प्रयोग आहे का, याचे उत्तर कोणालाच द्यावे लागले नाही.

ते उत्तर नोव्हेंबर २००८मध्ये द्यावे लागले. शिकागोच्याच दुसऱ्या एका रॅपर-निर्मात्याने आईच्या निधनानंतर आणि ठरलेले लग्न मोडल्यानंतर जवळपास सबंध गायलेला अल्बम काढला. त्याच्या नावातील आकडा १९८० ते १९८३ या काळात बनलेल्या टीआर-८०८ या ड्रम मशीनचा होता. गळा कच्चा असल्याने आवाज ऑटो-ट्यूनमधून, म्हणजे चुकलेला सूर दुरुस्त करणाऱ्या सॉफ्टवेअरमधून, नेला होता. हे सॉफ्टवेअर १९९७मध्ये आले होते. जून २००९मध्ये न्यूयॉर्कच्या एका ज्येष्ठ रॅपरने या तंत्राच्या मृत्यूची घोषणा करणारे गाणेच काढले. शोक खरा होता, म्हणून दंभाचा आरोप टिकेना; गाता येत नाही, म्हणून आवाचा आरोप मात्र टिकला. तरीही पुढील दशकातील कितीतरी रॅपर त्याच गाण्या-बोलण्याच्या सीमेवर उभे राहिलेले दिसतात.

२०१०नंतर सर्व प्रकारचे संगीत एकाच ठिकाणी ऐकले जाऊ लागले, आणि रॉकच्या समीक्षेतील शब्दसंग्रह रॅपच्या चाहत्यांच्या तोंडी रुळला, असे म्हणायला जागा आहे. जून २०१३मधील, शिकागोच्या त्याच रॅपर-निर्मात्याच्या ‘यीझस’ची सीडी मुखपृष्ठाविना, पारदर्शक डबीत आली; दहा गाणी, चाळीस मिनिटे. लांबीवरून आरोप करता येईना, तेव्हा रिकाम्या वेष्टनावरून झाला. मार्च २०१५मध्ये कॅलिफोर्नियातील कॉम्प्टनच्या एका रॅपरने लॉस एंजेलिसच्या जॅझ वादकांसह ‘टू पिम्प अ बटरफ्लाय’ काढला. सुरुवातीला अनेकांना तो जड वाटला, पण त्यातील एक गाणे त्याच वर्षी कृष्णवर्णीयांच्या निदर्शनांत घोषणेसारखे म्हटले जाऊ लागले, आणि ‘सामान्य श्रोत्यापासून तुटलेला’ हा आक्षेप लंगडा पडला. त्याच्या २०१७च्या, तुलनेने सरळ अल्बमला २०१८चा संगीताचा पुलित्झर मिळाला; अभिजात आणि जॅझ यांच्याबाहेर तो जाण्याची ही पहिलीच वेळ होती.

सध्याच्या वादांत सर्वाधिक दाखला दिला जातो तो १७ नोव्हेंबर २०२३च्या ‘न्यू ब्लू सन’चा. अटलांटाच्या त्याच जोडीतील एकाने, जोडीच्या शेवटच्या अल्बमनंतर सतरा वर्षांनी, ८७ मिनिटांचे बासरीप्रधान वाद्यसंगीत दिले. वेष्टनावर रॅपच्या ओळी नसल्याचा स्पष्ट इशारा होता, आणि पहिल्या रचनेच्या लांबलचक शीर्षकात आपल्याला खरोखर रॅप अल्बमच करायचा होता, अशी कबुली होती. त्या वेळी ४८ वर्षांचा असलेल्या या कलावंताने सांगितले, की आता रॅप करणेच आपल्याला अप्रामाणिक वाटते, कारण सांगण्यासारखे काही उरलेले नाही. म्हणजे रॅपने ज्या निकषावर आजवर सर्वांना तपासले, त्याच निकषाचा आधार घेऊन त्याने रॅप सोडला. बासरी त्याला किती येते, हा प्रश्न त्यामुळे मिटत नाही, आणि चाहत्यांनी तो विचारणे रास्तच आहे. नोव्हेंबर २०२४मध्ये ग्रॅमीची नामांकने जाहीर झाली, तेव्हा हा अल्बम वर्षातील सर्वोत्तम अल्बम आणि पर्यायी जॅझ या विभागांत होता. रॅपच्या विभागात नव्हता.