लेखाचा दर लेख लिहिण्याआधीच ठरतो: कंटेंट मिल्सची पार्श्वभूमी

26 जानेवारी 2011 रोजी डिमांड मीडिया या कॅलिफोर्नियातल्या ‘कंटेंट मिल’चा, म्हणजे थोडक्या पैशांत वेबसाइटसाठी ढीगभर लेख लिहून घेणाऱ्या कंपनीचा शेअर न्यूयॉर्कच्या बाजारात आला. 17 डॉलरना विकलेला शेअर पहिल्याच दिवशी 20 डॉलरच्या पुढे गेला, कंपनीचं बाजारमूल्य दीड अब्ज डॉलरच्या घरात पोहोचलं, आणि ‘न्यूयॉर्क टाइम्स’ चालवणारी कंपनी त्या दिवशी तिच्यापुढे लहान ठरली. टाइम्सकडे पगारी पत्रकारांचा मोठा ताफा होता. डिमांडसाठी लिहिणारे हजारो होते, पण ते जवळजवळ सगळेच फ्रीलान्सर. बहुतेकांना एका लेखाचे साधारण 15 डॉलर मिळत आणि लेख एकदा दिला की त्यावरचा हक्क सुटत असे.

पुण्या-नागपुरात घरी बसून शब्दामागे पैशांच्या हिशेबात काम करणाऱ्या कितीतरी मुलामुलींना हा इतिहास कुणी सांगितलेला नसतो. तो सांगायला हवा, कारण आपल्याला मिळणारा दर म्हणजे आपल्या कुवतीवरचा शेरा आहे असं त्यांच्यातले बरेच जण मनापासून धरून चालतात. दर ठरला त्या हिशेबात लिहिणाऱ्याची कुवत कधी धरलेलीच नव्हती.

थोडक्या पैशांत भरमसाट लिहून घेण्याची रीत जुनी आहे. अठराव्या शतकात लंडनच्या ग्रब स्ट्रीटच्या आसपास पोटासाठी पडेल ते लिहून देणारे लेखक राहत. एकोणिसाव्या शतकात तिथली वर्तमानपत्रं बाहेरच्या बातमीदारांना ओळीवर पैसे देत. पण त्या वर्तमानपत्रांना उद्याचा अंकही खपवायचा असे, त्यामुळे वाचक परत येईल एवढी तरी काळजी घ्यावी लागे. 2003 मध्ये गुगलने ॲडसेन्स सुरू केलं आणि ही गरजच संपली. आपल्या वेबसाइटवर गुगलच्या जाहिराती लावायच्या, कुणी क्लिक केलं की पैसे जमा. वाचक सर्चमधून एकदाच आला, त्याला धड उत्तर मिळालं नाही आणि तो शेजारच्या जाहिरातीवर क्लिक करून निघून गेला, तरी मालकाचा हिशेब जमतो.

2005 मध्ये अमेरिकेत असोसिएटेड कंटेंट आणि जर्मनीत टेक्स्टब्रोकर या असे लेख लिहून घेणाऱ्या कंपन्या सुरू झाल्या. 2006 मध्ये रिचर्ड रोझेनब्लाट आणि शॉन कोलो यांनी डिमांड मीडिया काढली. रोझेनब्लाट त्याआधी ‘मायस्पेस’च्या मूळ कंपनीचे प्रमुख होते आणि ती कंपनी त्यांनी 58 कोटी डॉलरना रूपर्ट मरडॉक यांच्या न्यूज कॉर्पला विकली होती. डिमांडने ‘ईहाउ’ ही ‘अमुक कसं करावं’ सांगणारी वेबसाइट विकत घेतली आणि तिच्यात लेख ओतायला सुरुवात केली.

या ओतण्यामागची पद्धत नीट पाहायला हवी, कारण आजही काम तिच्यावरच चालतं. लोक सर्चमध्ये काय टाइप करतात, त्या शब्दांवर जाहिरातदार किती पैसे मोजतात आणि त्या विषयावर आधीच किती पानं उपलब्ध आहेत, या तीन गोष्टी एका अल्गोरिदममध्ये घालायच्या. त्यातून शब्दांचा एक गठ्ठा बाहेर पडे. त्या गठ्ठ्याचं वाचता येईल असं शीर्षक करायला माणूस लागे आणि त्याला एका शीर्षकाचे काही सेंट मिळत. त्या शीर्षकाचा लेख पुढच्या काही वर्षांत किती जाहिराती कमावेल याचा अंदाज आधीच हातात असे. खर्च त्या आकड्याच्या आत बसवायचा, म्हणून लेखकाला 15 डॉलर, कॉपी एडिटरला अडीच डॉलर, तथ्य तपासणाऱ्याला एक डॉलर. विषय छताच्या गळतीचा असो की मधुमेहाचा, दर तोच. 2009 मध्ये ही कंपनी रोज सुमारे 4,000 लेख आणि व्हिडिओ बाहेर काढत होती. माहितगार माणसाने अर्धा दिवस खर्चून लिहिलेला लेख आणि चार वेबसाइट चाळून पाऊण तासात उरकलेला लेख, दोन्हींना सारखेच पैसे मिळत असतील तर पुढे काय होणार हे कुणालाही दिसतं. पुढे दर्जावरून सगळ्यांनी लेखकांना नावं ठेवली, पण तो दर्जा या दरातच ठरून गेला होता.

तरीही लोक आले, कारण वेळ तशी होती. 2008 च्या मंदीत अमेरिकेतल्या वर्तमानपत्रांचं कंबरडं मोडलं. डेन्व्हरचं ‘रॉकी माउंटन न्यूज’ फेब्रुवारी 2009 मध्ये बंद पडलं, पुढच्या महिन्यात सिएटलच्या ‘पोस्ट-इंटेलिजन्सर’ची छापील आवृत्ती थांबली. नोकरी गेलेले पत्रकार, लहान मुलांमुळे घराबाहेर न पडता येणाऱ्या आया, कर्ज डोक्यावर असलेले पदवीधर असे सगळे या रांगेत होते. मासिकं लेखाचे पैसे छापून आल्यावर महिनोन्‌महिने लटकवत. डिमांड आठवड्यातून दोनदा पेपाल या ऑनलाइन सेवेवरून पैसे पाठवत असे. महिनाअखेर भाडं भरायचं असणाऱ्याला याचं मोल वेगळं सांगावं लागत नाही. या कंपन्यांना सरसकट शिव्या घालणाऱ्या प्रथितयश लेखकांनी ही बाजू फारशी पाहिली नाही, असं मला वाटतं.

काम करणाऱ्यांचं गाऱ्हाणं बहुधा पैशांपेक्षा दुरुस्तीच्या शेऱ्यांबद्दल असे. यादीतून शीर्षक उचलायचं, ठरलेल्या साच्यात चारशे-पाचशे शब्द बसवायचे, संदर्भ जोडायचे. मग एक निनावी कॉपी एडिटर लेख परत पाठवणार. दुरुस्ती करून दिली आणि तरी लेख नापसंत झाला, तर हातात काहीच नाही. त्या एडिटरशी बोलायची सोय नाही. आणि त्या एडिटरलाही अडीच डॉलरच मिळत असल्याने एका लेखावर जास्त वेळ घालवणं त्याला परवडणारं नव्हतंच.

नगावर मजुरी म्हटलं की आपल्याकडे सोलापूरच्या विडी कामगार बायका आठवतात. हजार विड्यांमागे मजुरी, आणि खराब ठरवून बाजूला काढलेल्या विड्यांचे पैसे नाहीत. पण त्यांच्यासाठी लढणाऱ्या संघटना झाल्या, हजार विड्यांमागचं किमान वेतन सरकार ठरवू लागलं, आणि विड्या नाकारण्यावरून वाद झाला तर तो सोडवायची तरतूद 1966 च्या विडी कामगार कायद्यात आली. लेख नाकारला गेलेल्या माणसाला असा कुठलाच दरवाजा नव्हता.

भारतात हे काम वेगळ्या वाटेने आलं. अमेरिकी कंपन्यांच्या मुख्य लेखांसाठी तिथलेच रहिवासी लागत. आपल्या वाट्याला आलं ते त्याखालचं काम: लेखांच्या डिरेक्टऱ्यांमध्ये, म्हणजे कुणाचेही लेख साठवणाऱ्या वेबसाइटांवर टाकायचे मजकूर आणि एकाच लेखाची शब्द फिरवून केलेली दहा रूपं, ज्यांचा उपयोग फक्त एखादी वेबसाइट सर्चमध्ये वर यावी म्हणून तिच्याकडे लिंक जोडण्यापुरता. ओडेस्क आणि इलान्स या ग्राहक आणि फ्रीलान्सर यांची गाठ घालून देणाऱ्या वेबसाइटांवरून ही कामं मिळत. ओडेस्कवर तासावर काम घेतलं की तुमच्या कॉम्प्युटरच्या पडद्याचे फोटो दर तासाला सहा वेळा आपोआप निघत आणि ते ग्राहकाला दिसत. पैसे येण्याचीही धड खात्री नव्हती. फेब्रुवारी 2010 मध्ये पेपालने भारतातल्या बँक खात्यांत पैसे वळते करणं काही आठवडे थांबवलं. मार्च 2011 पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमामुळे एका व्यवहारात 500 डॉलरहून अधिक घेता येईनात. त्याच वर्षी पुढे ही मर्यादा 3,000 डॉलर झाली.

देशातल्या देशात एजन्सी आणि उप-एजन्सी उभ्या राहिल्या. ग्राहकाकडून रुपयांत घेतलेलं काम खाली उतरता उतरता शब्दाला 10, 20, फार तर 50 पैशांवर येतं. 20 पैशांनी 500 शब्दांचे 100 रुपये होतात. कामासोबत येणारी सूचना साधारण अशी असते: मुख्य कीवर्ड (लोक सर्चमध्ये टाइप करतात ते शब्द) पाच वेळा, पहिल्या परिच्छेदात एकदा हवाच, कॉपीस्केप (उचललेला मजकूर पकडणारं साधन) पास, नाव छापणार नाही, आधी एक सॅम्पल फुकट. कीवर्डमध्ये काना-मात्रेचाही बदल चालत नाही. ‘स्वस्त पॅकर्स मूव्हर्स पुणे कोथरूड’ हे जसंच्या तसं वाक्यात बसवायचं असतं, मग वाक्याचं काहीही होवो. मराठी चांगलं येणाऱ्या माणसाकडून मुद्दाम वाईट मराठी लिहून घेणारं असं दुसरं काम क्वचितच असेल. हिंदी मजकुरावर ॲडसेन्सच्या जाहिराती 2014 च्या अखेरीस चालू झाल्या, मराठीची पाळी नंतर काही वर्षांनी आली. मधल्या काळात 2016 मध्ये जिओमुळे डेटा स्वस्त झाला आणि मराठी मजकुराला एकाएकी गिऱ्हाईक आलं. मागणी वाढली, दर मात्र इंग्रजीच्याही खाली राहिला.

तिकडे डिमांडचं वैभव फार काळ टिकलं नाही. 24 फेब्रुवारी 2011 रोजी गुगलने सर्चमध्ये मोठा बदल केला. नवनीत पांडा या अभियंत्याच्या नावावरून तो पुढे ‘पांडा’ म्हणून ओळखला गेला. अमेरिकेतल्या जवळजवळ 12 टक्के शोधांचे निकाल त्याने हलले. पहिल्या फटक्यात ईहाउ वाचली, एप्रिलमध्ये तीही त्याच्या तडाख्यात सापडली. वर्ष संपेपर्यंत शेअर विक्रीच्या किमतीच्या निम्म्याहून खाली गेला. कंपनीने सुमारे तीन लाख लेख काढून टाकले आणि लेखकांची कामाची यादी आटत गेली. 2012 च्या एप्रिलमधल्या ‘पेंग्विन’ बदलाने लिंकांसाठी लिहिलेला मजकूर निरुपयोगी केला आणि आपल्याकडची कामंही एकदम गळाली. गुगलच्या या निर्णयाने वाचकांचं भलंच झालं, हे मान्य. पण ज्या जाहिरात पद्धतीने हा कचरा पैदा केला तीही गुगलचीच होती, आणि किंमत मोजली ती पुढच्या आठवड्याचं काम गमावलेल्यांनी.

डिमांडचं 2016 मध्ये लीफ ग्रुप असं नाव झालं, आणि 2021 मध्ये ती ग्रॅहम होल्डिंग्जने विकत घेतली. 2013 पर्यंत ‘वॉशिंग्टन पोस्ट’ याच ग्रॅहमच्या मालकीचं होतं. असोसिएटेड कंटेंट याहूने 2010 मध्ये घेतली आणि 2014 मध्ये तिचा गाशा गुंडाळला. इलान्स आणि ओडेस्क एकत्र होऊन 2015 मध्ये अपवर्क झाल्या. आता तिथे कामासाठी अर्ज करायलाही पैसे पडतात.

कायद्याने मदत करायला जावं तर तेही सोपं नाही, हे कॅलिफोर्नियाने दाखवलं. जानेवारी 2020 पासून लागू झालेल्या तिथल्या कायद्यानुसार एका फ्रीलान्सरकडून एका प्रकाशनाला वर्षाला 35 हून अधिक लेख घ्यायचे तर त्याला नोकरीत घेणं भाग होतं. हेतू चांगला होता. पण कायदा लागू व्हायच्या आधीच व्हॉक्स मीडिया या वेबसाइटा चालवणाऱ्या कंपनीने तिथल्या सुमारे 200 फ्रीलान्सरांचं काम थांबवलं, आणि सप्टेंबर 2020 मध्ये 35 ची अट काढून टाकावी लागली. न्यूयॉर्क शहराने 2017 मध्ये धरलेली वाट मला जास्त कामाची वाटते: 800 डॉलर किंवा त्याहून मोठ्या कामासाठी लेखी करार सक्तीचा, आणि वेगळी तारीख ठरली नसेल तर काम संपल्यावर 30 दिवसांत पैसे.

30 नोव्हेंबर 2022 ला चॅटजीपीटी आलं आणि त्या जुन्या हिशेबातला लेखकाचा खर्चच गळाला. सीनेट या वेबसाइटने एआयकडून लिहून घेतलेल्या 77 लेखांपैकी 41 लेखांमध्ये जानेवारी 2023 मध्ये दुरुस्त्या कराव्या लागल्या, तरी ओघ थांबला नाही. लेखकांकडे आता मशीनचा मजकूर ‘माणसासारखा’ करून देण्याचं काम येतं, तेही पूर्वीच्या दराहून कमी पैशांत. कॉपीस्केपच्या जोडीला एआय डिटेक्टर आले. स्वतः लिहिलेला लेख डिटेक्टरने मशीनचा ठरवला म्हणून पैसे अडकल्याच्या तक्रारी या कामात नित्याच्या झाल्या आहेत. असं साधन चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयनेही काढलं होतं. ते पुरेसं अचूक नाही म्हणून कंपनीनेच जुलै 2023 मध्ये मागे घेतलं. पैसे अडवणाऱ्या ग्राहकाला ही एक गोष्ट लेखकाने लेखी कळवावी, एवढी माहिती हाताशी असायला हवी.

आपल्याकडे 2020 ची सामाजिक सुरक्षा संहिता 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाली. गिग आणि प्लॅटफॉर्म कामगार, म्हणजे नोकरीत नसलेले, सुटी किंवा ॲप-वेबसाइटवरून कामं घेणारे लोक, कायद्यात पहिल्यांदा आले ते तिच्यामुळे. प्लॅटफॉर्म कंपन्यांनी वार्षिक उलाढालीच्या 1 ते 2 टक्के रक्कम कामगारांच्या कल्याणासाठी द्यायची आहे. कुठल्या प्रकारच्या कंपन्या, याची यादी संहितेच्या सातव्या अनुसूचीत आहे, आणि टॅक्सी व खाद्यपदार्थ पोचवणाऱ्यांबरोबर तिच्यात ‘कंटेंट आणि मीडिया सेवा’ असाही एक प्रकार नोंदवला आहे. व्हॉट्सॲप ग्रुपवर कीवर्ड टाकून शब्दाला 20 पैशांनी लेख गोळा करणारी उप-एजन्सी या यादीत बसते का, हा प्रश्न लेखकांनी एकत्र येऊन कामगार विभागापुढे मांडायला हवा.