टक्के वेगळे, पर्सेंटाइल वेगळे

2025 च्या फेब्रुवारीत जेईई मेनच्या, म्हणजे इंजिनीअरिंगच्या देशभरातल्या प्रवेश परीक्षेच्या, पहिल्या सत्राचा निकाल लागला, त्याच्या दुसऱ्या दिवशी डोंबिवलीचे एक गृहस्थ पेढ्यांचा बॉक्स घेऊन दादरला आमच्या क्लासवर आले. "सर, मुलीला 94 टक्के पडले. पवईच्या आयआयटीचं काम झालं ना आता?" मुलगी त्यांच्या मागे मान खाली घालून उभी होती. तिला सगळं कळलं होतं, वडिलांना सांगायचं कसं एवढंच कळत नव्हतं. मी वहीचं पान फाडून त्यावर एक गुणाकार करून दाखवला. तो गुणाकार गेली काही वर्षं मी दर फेब्रुवारीत आणि दर एप्रिलमध्ये करतो आहे, आणि आता तो एकदा नीट लिहूनच काढतो.

टक्के सगळ्यांना येतात, त्यावर वेळ घालवत नाही. 300 पैकी 150 म्हणजे 50 टक्के. तुम्ही आणि तुमचा पेपर, तिसऱ्याचा संबंध नाही.

पर्सेंटाइलमध्ये मात्र सगळा संबंध तिसऱ्याशीच आहे. तुमच्या शिफ्टला, म्हणजे त्याच दिवशी त्याच वेळी तोच पेपर द्यायला, जेवढे बसले, त्यांतल्या दर शंभरांमागे किती जणांना तुमच्याइतके किंवा तुमच्याहून कमी गुण आहेत, तो आकडा म्हणजे पर्सेंटाइल. माझ्या बॅचमध्ये 40 मुलं आहेत असं धरा. एका रविवारी सोपा पेपर काढला, एकाला 212 गुण पडले आणि तो पाचवा आला. पुढच्या रविवारी पेपर अवघड काढला, त्याच मुलाला 138 पडले आणि तरीही तो पाचवाच. दोन्ही वेळी त्याच्या पुढे चौघं, आणि त्याला धरून बरोबरीचे-मागचे 36. 36 भागिले 40, म्हणजे 90 पर्सेंटाइल. टक्के सत्तरवरून सेहेचाळीसवर आले, पर्सेंटाइल जागचं हललं नाही. फळ्यावर मी एवढंच लिहितो आणि मुलांना ते दोन मिनिटांत पटतं. पालकांना पटायला वेळ लागतो, कारण त्यांची सगळी शाळा टक्क्यांत गेली.

हे आलं कुठून? 2018 ची जेईई मेन सीबीएसईने घेतली आणि रँक थेट गुणांवर लागला. जानेवारी 2019 पासून परीक्षा एनटीएकडे, म्हणजे राष्ट्रीय चाचणी संस्थेकडे, गेली. ती पूर्ण संगणकावर आली, वर्षातून दोनदा व्हायला लागली, आणि अनेक दिवस, दिवसाला दोन शिफ्ट, प्रत्येक शिफ्टला वेगळा पेपर असं सुरू झालं. मंगळवारी सकाळी सोपा पेपर आलेल्याचे 180 आणि गुरुवारी दुपारी अवघड आलेल्याचे 180 एकाच तराजूत घालता येत नाहीत. म्हणून प्रत्येकाची तुलना त्याच्याच शिफ्टमधल्या मुलांशी करायची ठरली. मला ही पद्धत योग्य वाटते. तिच्यावर चिडणाऱ्यांनी दुसरा न्याय्य मार्ग अजून तरी मला दाखवलेला नाही.

आता खरी गोची. परीक्षेचा पॅटर्न बदलला की दरवेळी हाच घोटाळा नव्याने सुरू होतो. 2020 मध्ये 75 प्रश्न होते. 2021 पासून 90 झाले: प्रत्येक विषयात संख्यात्मक उत्तराचे 10 प्रश्न, त्यांतले कुठलेही 5 सोडवायचे. ऑक्टोबर 2024 मध्ये एनटीएने ही सवलत काढून घेतली. 2025 पासून पुन्हा प्रत्येक विषयाला 20 बहुपर्यायी आणि 5 संख्यात्मक, सगळे अनिवार्य, एकूण 75 प्रश्न आणि 300 गुण. बातमी आली त्या संध्याकाळपासून मला फोन: "सर, ऑप्शन गेला, पेपर कठीण होणार, म्हणजे कटऑफ खाली येईल ना? 85 ला अ‍ॅडव्हान्स्ड मिळेल?"

नाही मिळणार. अ‍ॅडव्हान्स्ड म्हणजे मेनमधल्या वरच्या मुलांनी पुढे द्यायची आयआयटीची परीक्षा. पेपर कठीण झाला की खाली येतात ते गुण. कटऑफ असतं पर्सेंटाइलमध्ये, आणि पर्सेंटाइलला पेपर कठीण की सोपा हे कळतच नाही. पेपर कठीण झाला तो तुमच्या शिफ्टमधल्या सगळ्यांनाच झाला. रांग तीच, तुमची जागा तीच.

मग कटऑफ हलतं कशाने? अ‍ॅडव्हान्स्डसाठी दरवर्षी वरचे अडीच लाख घेतात आणि त्यांत 40.5 टक्के जागा खुल्या. म्हणजे साधारण एक लाख जागा ठरलेल्या. बदलते ती बसणाऱ्यांची संख्या. 2022 मध्ये नऊ लाखांच्या आसपास मुलं बसली, खुल्या गटाचं कटऑफ 88.41. 2023 मध्ये अकरा लाखांवर, कटऑफ 90.78. 2024 मध्ये चौदा लाखांवर, कटऑफ 93.24. या तिन्ही वर्षी प्रश्नांचा पॅटर्न एकच होता, ऑप्शनसकट. 2024 ला तर अभ्यासक्रमही कमी केला होता. तरी कटऑफ जवळजवळ पाच अंकांनी चढलं. आणि 2025 मध्ये, ज्या वर्षी पॅटर्न बदलला, पावणेपंधरा लाखांच्या जवळ मुलं बसली आणि कटऑफ 93.10. ऑप्शन गेल्याने ते 85 वर कोसळलं नाही, कोसळणारच नव्हतं.

एक लाख भागिले पावणेपंधरा लाख हा भागाकार मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर करून पाहा. पावणेसात टक्क्यांच्या आसपास येतं. शंभरातून वजा केलं की 93 समोर उभं राहतं.

पॅटर्न बदलाने फरक पडला तो अभ्यासात, आणि तिकडे कुणी लक्ष देत नाही. ऑप्शन होता तेव्हा हुशार मुलंसुद्धा एखादा धडा सरळ सोडून द्यायची. आता पाचही प्रश्न समोर येतात आणि निवड करायला जागा नाही. आणखी एक जुना सल्ला कृपा करून बंद करा: "संख्यात्मक प्रश्नाला काहीतरी आकडा टाकून ये, निगेटिव्ह नसतं." 2020 आणि 2021 ला नव्हतं. 2022 पासून तिथेही चुकलं की एक गुण कापतात. मोठ्या भावाने सांगितलं म्हणून आकडे ठोकून आलेली मुलं मी रडताना पाहिली आहेत.

आता तो गुणाकार. शंभरातून आपलं पर्सेंटाइल वजा करा, उरलेल्याला एकूण मुलांनी गुणा, शंभराने भागा. 94 असेल तर उरले 6. पावणेपंधरा लाखांचे 6 टक्के म्हणजे साधारण 88,500. एवढी मुलं तिच्या पुढे. दोन सत्रांतलं चांगलं पर्सेंटाइल धरतात, त्यामुळे हा अंदाजच, पण डोळे उघडायला पुरेसा. 99 ला पुढे पावणेपंधरा हजार उरतात, 99.9 ला पावणेपंधराशे. टक्क्यांच्या जगात 99 आणि 99.9 एकच, इथे त्यांच्यामध्ये तेरा हजारांहून जास्त मुलं उभी आहेत. स्कोअरकार्डावर दशांश चिन्हापुढे सात आकडे छापतात ते याचसाठी. आणि पवई? आयआयटीचा प्रवेश मेनच्या पर्सेंटाइलवर होतच नाही. तिथे अ‍ॅडव्हान्स्डचा रँक लागतो, आणि तो साध्या गुणांवर लागतो. डोंबिवलीच्या मुलीला 94 ने फक्त तो पेपर द्यायचं दार उघडलं होतं. तेही कमी नव्हतं, आणि मी वडिलांना तसंच सांगितलं. पेढा तेव्हा खाल्ला.

याच्या उलट चूकही होते आणि ती मला जास्त लागते. त्याच आठवड्यात एक मुलगा आला. 300 पैकी 150, "निम्मेच पडले" म्हणून घरी दोन दिवस कुणी त्याच्याशी धड बोललं नव्हतं. त्याचं पर्सेंटाइल 97 च्या पुढे होतं.

दादर स्टेशनबाहेरच्या फ्लेक्सवर मुलांच्या फोटोखाली 99.98 आणि पुढे % हे चिन्ह छापतात. क्लासवाल्यांना फरक माहीत असतो, तरी छापतात. मला हे अक्षम्य वाटतं. 100 पर्सेंटाइल म्हणजे 300 पैकी 300 सुद्धा नव्हे, शिफ्टमध्ये पहिला आलेल्याला 100 मिळतात, मग त्याचे गुण कितीही असोत. तीन विषयांच्या पर्सेंटाइलची सरासरी काढूनही एकूण पर्सेंटाइल येत नाही. तिन्हीत 95 असणाऱ्याचं एकूण बहुधा 95 हून वर जातं, कारण तिन्ही विषय सारखे चांगले असणारे थोडे.

एका ठिकाणी मात्र दोन्ही शब्द एकाच वाक्यात येतात, आणि तिथे ते दोन्ही खरे आहेत. आयआयटी-एनआयटीला बारावीत 75 टक्के हवेत, एससी-एसटीला 65, नाहीतर आपल्या बोर्डाच्या वरच्या 20 पर्सेंटाइलमध्ये असायला हवं. यातले 75 हे बारावीच्या मार्कशीटवरचे साधे टक्के. वरचे 20 पर्सेंटाइल म्हणजे आपल्या गटातल्या 80 टक्के मुलांच्या पुढे असणं. 20 पर्सेंटाइल मिळवणं असा अर्थ लावून निर्धास्त बसलेलं एक घर मला माहीत आहे.

राहिली सीईटी. तिचंही पर्सेंटाइलच असतं, पण ती रांगच वेगळी आहे, आपल्या राज्याच्या परीक्षेला बसलेल्यांची. जेईईला 88 आणि सीईटीला 96 असलेल्या मुलाची तयारी दोन महिन्यांत आठ अंकांनी वाढलेली नसते. माटुंग्याचं व्हीजेटीआय कॉलेज हवं असेल तर राज्याच्या जागांना सीईटीचा आकडा बघा, अखिल भारतीय जागांना जेईईचा.