व्हिलेज आणि पॅरिश: गाव उठलं, शीव राहिली

इंग्लंडबद्दलचं लिखाण मराठीत आणताना व्हिलेजलाही 'गाव' म्हणतात आणि पॅरिशलाही. सगळा घोटाळा इथेच होतो. व्हिलेज म्हणजे वस्ती. पॅरिश म्हणजे हद्द, आणि त्या हद्दीत राहणाऱ्यांचे हक्क नि देणी. गावठाण आणि शीव यांतला फरक आठवला की निम्मं काम झालं. उरलेलं निम्मं समजायला यॉर्कशरमधलं व्हॅरम पर्सी बघावं.

१५०० च्या सुमारास हे गाव ओस पडलं. धान्यापेक्षा मेंढ्या पाळणं जमीनमालकांना परवडू लागलं आणि उरलीसुरली कुटुंबं उठली. आपल्या महसुली भाषेत, बेचिराख गाव. इतिहासकार मॉरिस बेरेसफर्ड आणि पुरातत्त्वज्ञ जॉन हर्स्ट यांच्या पुढाकाराने तिथे १९५० ते १९९० अशी चाळीस वर्षं उत्खनन चाललं. घरांच्या जोत्यांचे उंचवटे गवताखाली आजही दिसतात.

सेंट मार्टिनचं चर्च मात्र चालूच राहिलं, कारण ते नुसत्या गावाचं नव्हतं, पॅरिशचं होतं. पॅरिशमध्ये वस्त्या पाच: व्हॅरम पर्सी, थिक्सेनडेल, रेस्थॉर्प, बर्डेल आणि टोथॉर्प. त्यांतलं थिक्सेनडेल टिकलं. बाप्तिस्मा असो, लग्न असो की दफन, तिथली माणसं जवळजवळ पाच किलोमीटर चालत या ओस पडलेल्या दरीत येत. १८७० मध्ये त्यांना स्वतःचं चर्च मिळालं, तेव्हा कुठे ही पायपीट थांबली. सेंट मार्टिनच्या भिंती नीट पाहिल्या, तर दगडांनी बुजवलेल्या कमानी दिसतात. माणसं घटत गेली तशी चर्चची दोन्ही अंगं पाडून टाकली आणि कमानी चिणल्या. पाच वस्त्यांची लोकसंख्या किती ओसरली, हे त्या भिंतीइतकं स्पष्ट मला कुठल्याच कागदात दिसत नाही. १९४९ पर्यंत तिथे प्रार्थना होत. आता छप्पर नाही, मनोराही अर्धा ढासळलेला आहे.

पॅरिश हा शब्दही एकच अर्थ धरून राहिलेला नाही. मूळचा तो चर्चचा. १५३८ पासून बाप्तिस्मा, लग्न, दफन यांच्या नोंदी पॅरिशच्या वहीत होऊ लागल्या. १६०१ च्या कायद्याने गोरगरिबांना पोसण्याची जबाबदारीही पॅरिशवर आली, त्यासाठी रहिवाशांकडून पट्टी वसूल होई. पुढे १८९४ च्या कायद्याने खेड्यापाड्यांचा कारभार निवडून आलेल्या पॅरिश कौन्सिलकडे गेला. त्यामुळे आज चर्चचा पॅरिश वेगळा आणि नागरी पॅरिश वेगळा, हद्दी जुळतीलच असं नाही. पायवाटा, खेळाचं मैदान, बसथांब्याची शेड यांकडे कौन्सिल बघते, पाद्रीबुवांचा त्यात संबंध नाही. वस्ती फारच लहान असेल, तर कौन्सिलही नसते, ग्रामसभेसारखी सगळ्या मतदारांची सभाच कारभार चालवते.

इंग्लंडमधल्या पूर्वजांचा शोध घेणाऱ्यांनी हे पक्कं ध्यानात ठेवावं. १७५० च्या नोंदीत 'व्हॅरम पर्सी' दिसलं, तरी त्या माणसाचं घर थिक्सेनडेललाच असण्याची शक्यता जास्त.