गारठलेलं इंजिन

परवा नाशकात एका भंगारवाल्याच्या दारात जुनं ऑइल इंजिन पडलेलं दिसलं. किलोच्या भावानं निघालेलं. तिकडे इंग्लंडात, चेशायरमधल्या पॉइंटन गावी, जुन्या अ‍ॅन्सन कोळसाखाणीच्या जागेवर स्वयंसेवकांनी अशाच इंजिनांचं संग्रहालय मांडलंय. ब्रिटनमध्ये बनलेलं पहिलं डिझेल इंजिन, १८९७ सालचं, तिथे आहे. गंजून बसलेला पिस्टन (सिलिंडरमध्ये सरकणारा दट्ट्या) हातोड्यानं न ठोकता दिवसेंदिवस तेल मुरवून सोडवायचा, असलं चिकाटीचं काम.

निफाडजवळ मामाच्या विहिरीवर असंच डिझेलवरचं इंजिन होतं, लिस्टर या इंग्रज कंपनीच्या इंजिनाच्या धर्तीवर राजकोटला बनलेलं. थंडीत ते लवकर सुरू व्हायचं नाही. मामा म्हणायचा, ‘गारठलंय.’ पण म्हणजे नेमकं काय?

डिझेल इंजिनाला ठिणगीचा प्लग नसतो. सिलिंडरमधली हवा दाबायची, दाबली की ती तापते (सायकलचा पंप मारताना हात लावून बघा), आणि त्या तापल्या हवेत डिझेलचा फवारा सोडायचा. हवा सतरापट दाबली, तर तिच्या केल्विनमधल्या तापमानाला सतराच्या ०.४ घातानं, म्हणजे सुमारे ३.१ नं गुणायचं. २७ अंशांची, म्हणजे ३०० केल्विनची हवा ९३० केल्विनच्या पुढे जाते. साधारण ६६० अंश सेल्सिअस. निफाडच्या ६ अंशांच्या पहाटे हाच आकडा ५९० च्या आसपास येतो. डिझेल तर अडीचशेच्या आतबाहेर आपोआप पेटतं. मग अडतं कुठे?

अडतं लोखंडापाशी. वरचं गणित उष्णता कुठेच जात नाही असं धरून केलंय. मिनिटाला ६५० फेऱ्यांवर चालणाऱ्या इंजिनात हवा दाबायला सेकंदाचा विसावा हिस्सासुद्धा लागत नाही. हँडल मारताना त्याच्या कितीतरी पट वेळ जातो. तेवढ्यात गार सिलिंडर उष्णता पिऊन टाकतो, आणि पिस्टनभोवतीच्या झिजलेल्या रिंगांमधून हवाही निसटते. म्हणून आधी डिकॉम्प्रेशनचा खटका उचलून व्हॉल्व्ह उघडा ठेवायचा, म्हणजे हवा दाबली जात नाही, चाकाला वेग द्यायचा, मग खटका सोडायचा. मूळ लिस्टरच्या हेडवर, म्हणजे सिलिंडरच्या झाकणावर, तर एक छोटं हातचाक असे. ते आवळलं की आतली जादा पोकळी बंद होऊन हवा आणखी दाबली जाई. माझ्या मते अख्ख्या इंजिनातली सगळ्यात देखणी युक्ती हीच.

वेग दिलेलं ते जड चाक, म्हणजे फ्लायव्हील, फक्त दिलेली ऊर्जा साठवतं. त्यावर ‘फुकट वीज’ काढून दाखवणारे व्हिडिओ येतात, त्यात वायर कुठे लपवलीय तेवढं शोधावं.

मामा हँडल धरताना अंगठाही बोटांच्याच बाजूला ठेवायचा. इंजिननं उलटा झटका मारला तर मनगट वाचतं.

भंगारवाल्याच्या त्या इंजिनाचं चाक मी ओढून पाहिलं. ते वर चढलं, अडलं आणि झोका घेऊन मागे आलं. रिंगा अजून हवा धरून होत्या!

‘साहेब, हात काढा,’ तो म्हणाला, ‘काट्यावर घ्यायचंय.’